स्वयंसेवी बंबवाल्यांची पेन्शन: ४७ गुण झाले तर अख्खं वर्ष वाया?

शिडीवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण घरात बोलून झालं, दलातल्या मित्रांशी बोलून झालं आणि डोक्यातून जात नाहीये.

मी न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर राहतो. नोकरी आयटीतली, पण गेली अकरा वर्षं गावाच्या फायर डिपार्टमेंटमध्ये व्हॉलंटियर आहे. भारतातल्या लोकांना सांगून खरं वाटत नाही, पण न्यूयॉर्क शहराची हद्द ओलांडून या बाजूला आलात की आग विझवायला येणारे बहुतेक लोक बिनपगारी असतात. कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, कुणी माझ्यासारखा. पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं.

आता प्रश्न. आम्हाला पगार नाही पण एक छोटी पेन्शन आहे. कायद्यातलं नाव सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्राम, सगळे लोसॅप म्हणतात. वर्षभरात ५० गुण जमवले की सेवेचं एक वर्ष जमा. आमच्या गावात जमा झालेल्या प्रत्येक वर्षामागे महिना २० डॉलर, वयाच्या ६५ पासून मरेपर्यंत. म्हणजे १० वर्षं जमा असली तर महिना २००. माझी दहा जमा आहेत, गेलं वर्ष अकरावं. आणि गेल्या वर्षीची यादी परवा स्टेशनच्या बोर्डावर लागली त्यात माझ्या नावापुढे ४७!

ड्रिल १४, मीटिंगा १०, ट्रेनिंग १०, स्टँडबाय ८, इतर ५. आगीच्या-अपघाताच्या कॉलला हजर राहण्याचे २५ गुण मिळालेच नाहीत कारण गुडघा दुखावला होता म्हणून मधले दोनअडीच महिने जाता आलं नाही. ४७ ला निदान थोडं तरी वर्ष धरतात का? कुणाला अनुभव आहे का? आणि शेजारच्या गावात ही पेन्शन ६० ला सुरू होते, आमच्याकडे ६५ ला, हे कसं काय?

खारेवारे
अकरा वर्षं! दंडवत घ्या आधी. मी पण लाँग आयलंडवरच, पण मला तर हेच माहीत नव्हतं की ते लोक बिनपगारी असतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या ड्रायरला आग लागली होती तेव्हा रात्री दोन वाजता सहा मिनिटांत आले होते, मी त्यांना साधं पाणी पण विचारलं नाही. आज वाचून कसंतरी वाटलं.

कोथरूडचा_कोपरा
राग मानू नका शिडीवाला, पण मला एक समजत नाही. स्वयंसेवा म्हणायचं आणि पेन्शनचे गुण मोजायचे, हे दोन्ही एकत्र कसं बसतं? आमच्याकडे गणपतीत मंडळाची पोरं रात्र रात्र जागून गर्दी आवरतात, कुणी गुण मागत नाही. मोबदला आला की ती नोकरी झाली, मग सरळ पगारी माणसं ठेवा ना.

बर्फातला_भात
कोथरूड, गणपती दहा दिवस असतो. हे वर्षाचे ३६५ दिवस, तेही बायकामुलांना जेवणावर टाकून.

मी मिनेसोटात आहे, आमच्या छोट्या गावात नवरा बारा वर्षं होता दलात. इथे महिन्याची पेन्शन नाही, एकरकमी मिळतात बऱ्याच ठिकाणी. दलाची एक रिलीफ असोसिएशन असते, तिच्यात पैसे साठतात, त्यात राज्याचा वाटा असतो जो इन्शुरन्सच्या प्रीमियमवरच्या दोन टक्के करातून येतो. वय ५० पूर्ण पाहिजे आणि सक्रिय सेवा सोडलेली पाहिजे, तेव्हाच हातात पडतात. २० वर्षं केली तर पूर्ण. नवऱ्याच्या असोसिएशनमध्ये १० वर्षांना ६० टक्के आणि पुढे दर वर्षाला ४ टक्के वाढत जातं, म्हणजे बारा वर्षांचे ६८ टक्के. हे आम्हाला सोडताना कळलं! आधी कळलं असतं तर कदाचित अजून थोडा थांबला असता, गुडघे कुरकुरत होते तरी.

आकडेमोड
इथे टॅक्सची कामं करतो आणि दरवर्षी दोनचार फायरवाले येतात त्यामुळे थोडं लिहितो, जरा लांबेल.

शिडीवाला, वाईट बातमी आधी. ४७ म्हणजे शून्य. न्यूयॉर्कच्या जनरल म्युनिसिपल लॉ मधलं आर्टिकल ११-ए, १९८९ पासून लागू आहे, त्यात वर्षाला ५० गुण किंवा काहीच नाही. पाऊण वर्ष, अर्धं वर्ष असला प्रकार नाही. पुढच्या वर्षी ९० केले तर वरचे ४० मागे नेऊन लावता येत नाहीत.

वयाचं म्हणाल तर कायद्याने फक्त चौकट दिली आहे. ५५ च्या खाली नेता येत नाही, बाकी ते वय गावाने किंवा फायर डिस्ट्रिक्टने (आग विझवण्याच्या सेवेपुरता वेगळा स्थानिक कारभार) प्रोग्राम सुरू करतानाच ठरवायचं. प्रोग्राम सुरू करायलाच मुळात लोकांचं मतदान लागतं कारण पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून जातो. ५५ ठेवलं तर खर्च वाढतो, ६५ ठेवलं तर मतदारांना पटवणं सोपं. म्हणून शेजारीशेजारी गावांत वेगळं दिसतं. पाच वर्षं जमा झाली की तुमचा हक्क पक्का, त्यानंतर दल सोडलं तरी तेवढे पैसे बुडत नाहीत, ठरलेल्या वयाला मिळतात. तुमची दहा सुरक्षित आहेत, त्याची काळजी नको.

फेडरल बाजू अशी की १९९६ च्या कायद्याने अशा अवॉर्डला वेगळा दर्जा दिला, तेव्हा एका वर्षाच्या सेवेमागे जमा होणाऱ्या रकमेला ३,००० डॉलरची मर्यादा होती. २०१७ च्या टॅक्स कायद्याने ती ६,००० केली आणि महागाईप्रमाणे वाढेल असं ठेवलं. मिळायला लागले की त्या त्या वर्षी उत्पन्न म्हणून टॅक्स भरायचा.

शिडीवाला
धन्यवाद आकडेमोड. शून्य हे वाचून पोटात खड्डा पडला पण निदान स्पष्ट कळलं.

कोथरूडचा_कोपरा, राग अजिबात नाही, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी २० डॉलरसाठी जात नाही. पहिल्या वर्षी मला लोसॅप हा शब्दच माहीत नव्हता. पण त्या बोर्डावर नावापुढे आकडा लागतो ना, तो म्हणजे गावाने लिहून दिलेलं असतं की हा माणूस या वर्षी होता. आणि मी होतो. मार्चमधल्या त्या तळघराच्या आगीत होतो, नाताळच्या आदल्या रात्री गाडी झाडावर आदळली तिथे होतो. म्हणून ४७ बोचतंय, पैशाने नाही.

कोथरूडचा_कोपरा
हे पटलं. मागे घेतो शब्द.

रिटायर्ड_फायरमन
मी महाराष्ट्रात एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात ३१ वर्षं होतो, पगारी. शिडीवाला यांना सॅल्यूट. आम्हाला पगार होता, क्वार्टर होतं, युनिफॉर्म होता, आणि म्हातारपणी पेन्शन आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो. तरीसुद्धा पहाटे घंटा झाली की बायको काय बोलायची ते आठवतं. हे लोक पगाराशिवाय करतात.

एक सांगतो, आमच्याही खात्यात आता दोन जाती झाल्या. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि नंतरच्यांना अंशदानाची, म्हणजे पगारातून कापून बाजारात गुंतवायची. एकाच शिडीवर दोघं चढतात, एकाच धुरात जातात. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं मला विचारतात साहेब आमचं काय होणार, तर मला उत्तर देता येत नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही मानवंदना देतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशमन जवान गेले. त्या आठवड्यात शाळांमध्ये प्रात्यक्षिकं दाखवायला जायचो. मुलं शिडी बघून खूष व्हायची.

इस्टर_बनी
काका तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेत आले होते बंबवाले, आम्हाला हेल्मेट घालून बघू दिलं होतं. जड होतं फार!

होमगार्डची_लेक
रिटायर्ड काका, पगारी लोकांचं तुम्ही लिहिलंत, मी दुसरी बाजू लिहिते.

माझे बाबा होमगार्ड होते, २२ वर्षं. होमगार्ड ही संघटना आपल्याकडचीच, ६ डिसेंबर १९४६ ला तेव्हाच्या मुंबई प्रांतात सुरू झाली. तीही स्वयंसेवीच. गणपती, निवडणूक, पूर, यात्रा, सगळीकडे बाबा उभे. पोलिसाच्या शेजारी तोच खाकी, तेच ऊन, पण ड्युटी लागली त्या दिवसाचा भत्ता आणि ड्युटी नाही तेव्हा काही नाही. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. वय झाल्यावर एक प्रमाणपत्र मिळालं, ते आईने फ्रेम करून देवघराच्या वर लावलंय.

११ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता. कोर्ट म्हणालं की यांना नियमित नोकरीत घ्या असं आम्ही सांगू शकत नाही, पण महिनाभर ड्युटी केली तर किमान पोलीस शिपायाच्या कमीत कमी पगाराएवढे हातात पडतील असा रोजचा भत्ता द्या. त्या निकालाचा पेपर बाबांनी जपून ठेवला होता. मात्र म्हातारपणाचं त्यात काही नव्हतं.

म्हणून मला ती २० डॉलरवाली कल्पना फार आवडली. रक्कम छोटी असू दे. वर्ष मोजतात हेच मोठं आहे. बाबांची २२ वर्षं कुणी मोजली नाहीत.

खारेवारे
ताई 🙏

बर्फातला_भात
ताई, त्या फ्रेमचा फोटो जमला तर टाका. नाव झाकून.

म्युनिकची_मावशी
जर्मनीतून हजेरी लावते. इथे स्वयंसेवी फायरब्रिगेड म्हणजे गावाचा कणा. पगारी दल फक्त मोठ्या शहरांना, खेड्यापाड्यात सगळे स्वयंसेवक, देशभरात दहा लाखांच्या आसपास लोक. माझा मुलगा सोळाव्या वर्षापासून जातो. म्युनिकसारख्या शहरात पगारी दलाच्या जोडीला स्वयंसेवी दलही आहे.

पेन्शनबद्दल सगळीकडे सारखं नाही. थुरिंगियासारख्या काही राज्यांत फायरवाल्यांसाठी जादाची पेन्शन आहे, आमच्या बव्हेरियात तसं नाही. पण इथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. कामाच्या वेळेत कॉल आला तर मालकाला सोडावंच लागतं आणि पगार कापता येत नाही, खाजगी कंपनीला ते पैसे गावाकडून परत मिळतात. मुलाच्या कंपनीत कॉल आला की सगळे वाट करून देतात. अमेरिकेत असं आहे का?

शिडीवाला
मावशी, नाही हो. इथे ते मालकाच्या चांगुलपणावर. माझा मॅनेजर समजूतदार आहे म्हणून जमतं, तरी दिवसाच्या कॉलला मी सहसा जाऊ शकत नाही, रात्री आणि शनिवार-रविवारीच गुण होतात. दिवसा माणसं कमी पडतात ही सगळ्याच गावांची रड आहे आता.

टोरांटोचा_तात्या
कॅनडात गावपातळीवर काही असेल ते असेल, पण केंद्राकडून टॅक्समध्ये सवलत आहे. वर्षाला २०० तास सेवा झाली की व्हॉलंटियर फायरफायटर क्रेडिट, २०११ पासून. आधी ३,००० डॉलरच्या रकमेवर होतं, २०२४ पासून ६,००० केलं. २०२४ साली १५ टक्क्यांच्या दराने ९०० डॉलर वाचत होते. इथेही २०० म्हणजे २००, १९८ तासांना काही नाही. आमचा एक मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तास पुरे करायला रोज स्टेशनवर जाऊन होज (पाण्याचे पाइप) धूत बसला होता, इतके स्वच्छ होज त्या गावाने कधी पाहिले नसतील 😄

पोहेवाला
शिडीवाला स्टेशनवर पोहे नेता की नाही कधी? आमच्या न्यू जर्सीच्या गावात एक मराठी काका आहेत दलात, त्यांनी एकदा ड्रिलनंतर बटाटेवडे केले होते तर चीफने पुढच्या ड्रिलची तारीख त्यांना विचारून ठरवली म्हणे.

अवांतराबद्दल क्षमस्व. जर्सीतही लोसॅप आहे पण वेगळ्या पद्धतीचं. १९९७ चा कायदा, गावाने मतदान घेऊन लागू करायचा. तिथे महिन्याची ठरलेली पेन्शन नाही, गाव वर्षाला ठराविक रक्कम खात्यात टाकतं. मूळ कायद्यात ती १०० ते १,१५० डॉलरच्या मधे होती, मग महागाईप्रमाणे वाढवत गेले. तुमच्या नावाने जमा दिसते खरी, पण हातात पडेपर्यंत ती कायद्याने गावाचीच मालमत्ता.

शिडीवाला
पोहे नेतो! आमच्या फायर कंपनीत (म्हणजे दलातल्या तुकडीत, ऑफिसात नव्हे) आता हळदीकुंकवाच्या रंगाचा टपरवेअर दिसला की सगळे जमतात. साबुदाण्याची खिचडी मात्र अजून त्यांना झेपली नाही.

दिवेलागण
मी फार बोलत नाही इथे पण हे लिहायलाच हवं.

माझे यजमान पेनसिल्व्हेनियात दलात होते, सतरा वर्षं. चार वर्षांपूर्वी गेले, आजारपणाने. त्यांच्या गावालाही अशीच योजना होती. मी सगळे कागद घेऊन गेले तेव्हा कळलं की नॉमिनीच्या फॉर्मवर माझ्या सासऱ्यांचं नाव. ह्यांनी तो फॉर्म लग्नाआधी भरला होता आणि नंतर कधी उघडून बघितलाच नाही. सासरे साताऱ्यात, तेही तोपर्यंत गेलेले. दोन वर्षं पत्रव्यवहार केला तेव्हा सुटलं. तिथल्या लोकांनी मनापासून मदत केली, त्यांची चूक नव्हती, फॉर्मच तसा होता.

शिडीवाला दादा, तुम्ही आजच्या आज तुमचा फॉर्म बघा. गुणांच्या आधी तो बघा.

शिडीवाला
दिवेलागण ताई, तुमचं वाचलं आणि उठून फाइल काढली. माझ्या फॉर्मवर बायकोचं नाव आहे पण पर्यायी नाव रिकामं. मंगळवारी मुलीचं घालतो. लिहिल्याबद्दल मनापासून आभार, हे लिहिणं सोपं नव्हतं तुम्हाला.

आकडेमोड
दिवेलागण ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू, यातलं काहीही झालं की तो फॉर्म बदला.

आता न्यूयॉर्कवाल्यांसाठी अजून दोन गोष्टी, कारण बरेच जण मागायचेच राहतात. राज्याच्या इन्कम टॅक्समध्ये सक्रिय व्हॉलंटियरला २०० डॉलरचं क्रेडिट आहे, नवराबायको दोघंही असतील तर ४००. आणि घराच्या आकारणीवर दहा टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा २०२२ च्या डिसेंबरमध्ये राज्यभर दिली, पण ती गावाने किंवा काउंटीने ठराव करून स्वीकारलेली पाहिजे. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. लाँग आयलंडचे प्रॉपर्टी टॅक्स बघता बहुतेकांना घराची सूटच फायद्याची पडते.

इस्टर_बनी
हे कॅन्सरबद्दल पण काहीतरी आहे ना? मी वाचलं होतं की फायरवाल्यांना धुरामुळे जास्त धोका असतो.

आकडेमोड
हो, १ जानेवारी २०१९ पासून. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी निदान पाच वर्षं इमारतीच्या आत जाऊन आग विझवण्याचं काम केलंय अशा व्हॉलंटियरना कॅन्सर झाला तर एकरकमी मदत, गंभीर असेल तर २५,००० डॉलर, सुरुवातीच्या टप्प्यात ६,२५०. त्यासाठी दलात येतानाची वैद्यकीय तपासणी आणि मास्कच्या वार्षिक फिट टेस्टचे (तो चेहऱ्यावर नीट बसतो का याच्या तपासणीचे) कागद लागतात. तेही जपून ठेवा, स्टेशनच्या कपाटावर विसंबू नका.

निळी_बत्ती
उशिरा येतेय, सगळा धागा वाचला. मी न्यूयॉर्क राज्यातच आहे, वरच्या भागात, आणि आमच्या कंपनीची तीन वर्षं सेक्रेटरी होते म्हणजे हे गुणांचं रजिस्टर मीच लिहायचे. सगळे पेन्शनवर, टॅक्सवर, पोह्यांवर बोलले पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय.

शिडीवाला, तुमचा गुडघा कुठे दुखावला?

शिडीवाला
जूनमध्ये ड्रिलला. शिडी उतरताना शेवटच्या पायरीवर पाय वळला, लिगामेंट गेलं. सव्वादोन महिने घरी होतो. का?

निळी_बत्ती
ड्रिलला! मग तो ड्युटीवरचा अपघात आहे. चीफने त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला होता का? आणि दवाखान्याचं बिल कुणी भरलं, तुमच्या इन्शुरन्सने की दलाच्या?

शिडीवाला
रिपोर्ट चीफने तिथेच लिहिला, माझी सही आहे. बिल दलाच्या विम्यातून, तो व्हॉलंटियर फायरफायटर्स बेनिफिट लॉ का काय म्हणतात त्याखाली. डॉक्टरने लिहून दिलं होतं की पूर्ण बंद, ऑफिसचं काम पण पहिले नऊ आठवडे नाही.

निळी_बत्ती
मग नीट वाचा.

त्याच आर्टिकल ११-ए मध्ये गुणांची जी यादी आहे, ड्रिलला जास्तीत जास्त २०, मीटिंगांना २०, पदाला २५ वगैरे, तिच्यातच खाली एक कलम आहे जे कुणी वाचत नाही. ड्युटीवर जखमी होऊन तात्पुरतं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्या काळातल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला ५ गुण. तुमचे नऊ आठवडे म्हणजे दोन पूर्ण महिने, म्हणजे १० गुण. ४७ अधिक १० म्हणजे ५७.

माझ्या अनुभवाने सांगते, हे सेक्रेटरीच्या लक्षात येत नाही कारण हजेरीच्या रजिस्टरमध्ये त्याला रकानाच नसतो. ड्रिलची हजेरी दिसते, गैरहजेरीचं कारण दिसत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी एका जुन्या सभासदाचं असंच सोडलं होतं, त्याच्या बायकोने येऊन दाखवलं म्हणून सुधारलं, नाहीतर त्याचं वर्ष माझ्या हातून गेलं असतं. अजून वाईट वाटतं.

आता महत्त्वाचं म्हणजे मुदत. ती यादी बोर्डावर लावतात ती शोभेला नाही. कंपनीने शपथेवर पाठवायची, गावाच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या कारभारी बोर्डाने मंजूर करायची आणि मग निदान ३० दिवस सभासदांना बघता येईल अशी लावायची, हे कायद्यातच आहे. त्या ३० दिवसांत लेखी हरकत घ्यायची. तोंडी चीफला सांगून थांबू नका. पत्र लिहा, अपघाताचा रिपोर्ट, डॉक्टरचं पत्र आणि विम्याचा कागद जोडा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दिल्याची पोच घ्या. किती दिवस झाले यादी लागून?

शिडीवाला
सहा दिवस. माझे हात थरथरतायत टाइप करताना. मी तो कायदा कधी उघडून बघितलाच नव्हता, सगळे जे सांगतात तेच ऐकत आलो. आज रात्रीच पत्र लिहितो.

रिटायर्ड_फायरमन
निळी बत्ती ताई, शाब्बास. शिडीवाला, पत्रात तारखा अगदी ठळक लिहा. अपघाताची तारीख, कामावर रुजू झाल्याची तारीख. राग किंवा तक्रारीची भाषा नको, नुसती वस्तुस्थिती. ३१ वर्षांत शिकलो की साहेब माणूस तारखा वाचतो, विशेषणं नाही.

टोरांटोचा_तात्या
वाचनखूण साठवली. निकाल कळवा हो.

कोथरूडचा_कोपरा
एक शंका. कॉलचे २५ गुण कसे गेले? २०-२५ कॉल तरी केलेच असतील की वर्षात.

शिडीवाला
२९ केले. आमच्याकडे गेल्या वर्षी ३४० कॉल होते. वर्षाला ५०० पर्यंत कॉल असतील तर त्यातल्या १० टक्क्यांना हजर राहिलं पाहिजे, म्हणजे ३४. तिथेही ३४ केले तर २५ गुण, ३३ केले तर शून्य. गुडघ्याआधी २१ झाले होते, बरा झाल्यावर डिसेंबरअखेर जेवढे जमले तेवढे केले.

कोथरूडचा_कोपरा
पाच कमी पडले आणि त्या काळात तुम्ही पाय वर करून झोपला होतात. निळी बत्ती ताईंनी नेमकं पकडलं.

होमगार्डची_लेक
शिडीवाला दादा, तुमचं वर्ष मिळू दे. देवाला सांगितलंय. (बर्फातला_भात, फोटो काढलाय, आईची परवानगी घेऊन टाकते.)

शिडीवाला
मंडळी, साडेतीन आठवड्यांनी येतोय.

पत्र दुसऱ्याच दिवशी दिलं, पोच घेतली, रिटायर्ड काकांनी सांगितलं तसंच, फक्त तारखा. काल रात्री बोर्डाची मीटिंग होती. मला बोलवलं. चेअरमननी कलम मोठ्याने वाचलं, डॉक्टरचं पत्र सगळ्यांकडे फिरवलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. १० गुण धरले. सुधारलेली यादी आज सकाळी लागली, ५७.

सेक्रेटरी नंतर पार्किंगमध्ये येऊन म्हणाला की मला माफ कर, मला हे कलम माहीतच नव्हतं. मी म्हटलं मलाही नव्हतं. मग आम्ही दोघांनी तिथेच उभं राहून गेल्या चार वर्षांत कोण कोण ड्युटीवर जखमी झालं होतं त्याची आठवून यादी केली. तिघं निघाले. त्यातल्या एकाचं त्या वर्षीचं वर्ष ४४ वर बुडलं होतं. आता त्याचं काही करता येतं का ते बोर्डाच्या वकिलाला विचारणार आहेत. निळी बत्ती ताई, तुम्हाला असा जुन्या वर्षाचा अनुभव असेल तर सांगा, कारण तो माणूस आता ६३ चा आहे आणि त्याची चारच वर्षं जमा आहेत. ते एक वर्ष मिळालं तर पाच होतात.

आणि नॉमिनीच्या फॉर्मवर मुलीचं नाव घातलं.

निळी_बत्ती
५७!! डोळ्यात पाणी आलं हो.

त्या ६३ च्या गृहस्थांबद्दल: जुन्या वर्षाचं मी स्वतः कधी केलेलं नाही त्यामुळे वकील सांगतील ते. पण दोन गोष्टी आत्ताच करून ठेवा. त्या वर्षीचा अपघाताचा रिपोर्ट आणि विम्याची फाइल शोधा, आणि त्या वर्षीची यादी खरंच ३० दिवस लावली होती का याची नोंद मिळते का ते बघा. आणि या वर्षी ५० होईपर्यंत कुणी त्यांना घरी बसू देऊ नका. आत जायचं जमत नसेल तर ड्रिलला येऊन बसू देत, मीटिंगा, स्टँडबाय, शाळेतले कार्यक्रम, सगळ्याला गुण आहेत. जुनं मिळो न मिळो, पाचवं वर्ष याच वर्षी होईल.

शिडीवाला
त्यांना आत्ताच फोन केला. मंगळवारच्या ड्रिलला मी गाडीतून घेऊन जाणार आहे.

पोहेवाला
पोहे जास्त करा मग.